सातपुते सिस्टर आणि सुईणीचं कडवं

सातपुते सिस्टर आधी तुमच्या दंडाला पट्टा बांधतात आणि मग गाणं म्हणतात. पट्टा म्हणजे ब्लडप्रेशर तपासायचा, आणि गाणं म्हणजे त्यांनी स्वतः रचलेलं ख्रिस्ती गीत. एकदा पट्टा फुगला की तुम्हाला खुर्चीतून उठता येत नाही, आणि कडवं संपल्याशिवाय सिस्टर हवा सोडत नाहीत. कडवं लांबलं तर ऐकणाऱ्याच्या बोटांना मुंग्या येतात. सिस्टरांचं कडवं बहुधा लांबतंच.

सिस्टर माधवनगरात आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात, एकट्या. सांगलीच्या एका मोठ्या दवाखान्यात, बाळंतपणाच्या वॉर्डात त्यांची सगळी नोकरी झाली. रिटायर झाल्यावर माणसं देवाधर्माला लागतात, नाहीतर गुडघ्यांना तेल लावत बसतात. सिस्टर दोन्ही करतात आणि वर गाणी रचतात. 'रचतात' हा शब्द मी शेजारधर्माला जागून वापरतोय. आमची मंगल, म्हणजे माझी बायको, म्हणते, त्यांच्या अंगात येतं.

पहिल्यांदा मी त्यांच्या तावडीत सापडलो तेव्हा भाबडेपणानं म्हणालो होतो, "सिस्टर, गाणं ऐकून मी सांगतो ना कसं वाटलं ते. पट्टा कशाला?"

"तोंडाला शिष्टाचार असतो, भाऊ. नाडीला नसतो. लग्नातलं जेवण आणि शेजाऱ्याचं गाणं, तोंडावर कोण वाईट म्हणतं? हलू नका. लांब श्वास घ्या."

त्यांच्या शास्त्राप्रमाणे वरचा आकडा चालीचा आणि खालचा शब्दांचा. वरचा चढला तर चाल अवघड झाली. खालचा चढला तर शब्द घशात अडकताहेत. दोन्ही उतरले तर श्रोता झोपला, आणि असा श्रोता त्या परत वापरत नाहीत. माझं आयुष्य यंत्रमागाच्या खडखडाटात गेलं, त्यामुळे मला कुठल्याही आवाजात झोप लागते. पण सिस्टरांचा माझ्यावर विश्वास. "मागावरचा माणूस हाय, ताल ह्याला कळणारच," असं त्या मंगलला सांगतात. मंगल त्यावर तोंडाला पदर लावते.

सिस्टर प्रत्येक वेळचे आकडे मला एका चिठ्ठीवर लिहून द्यायच्या. मी त्या चिठ्ठ्या भक्तिभावानं आमच्या डॉक्टरांकडे नेल्या. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "हे एवढं वाढलेलं कुठल्या वेळचं आहे?"

मी म्हणालो, "दुसऱ्या कडव्याचं."

डॉक्टरांनी गोळी वाढवली नाही, पण शेजार बदलता येतो का, असं विचारलं.

शेजार बदलूनही उपयोग नव्हता, कारण सिस्टर प्रवासातही गाणं सोडत नाहीत. साताऱ्याला बहिणीकडे जायचं तर एस्टीत त्यांना आयतं पब्लिक मिळतं. तिथं पट्टा बांधता येत नाही, म्हणून त्या पुढच्या सीटवरच्या माणसाच्या मानेकडे बघत गातात. मान ताठ झाली की गाणं पोचलं. एकदा मी बरोबर होतो. कराडच्या स्टँडवर कराडचे लोक उतरले, आणि मागोमाग साताऱ्याचं तिकीट काढलेलेही काहीजण उतरले. कंडक्टर बिचारा वही-पेन हातात धरून बघत राहिला.

"बघितलंसा?" सिस्टर माझ्या कानात म्हणाल्या. "माणसं हलली. हलली म्हणजे लागलं."

वॉर्डातली सगळी भाषा त्यांनी गाण्याला लावली आहे. अर्धवट गाणं ॲडमिट असतं. यमक जमलं नाही तर टाका घालायचा असतो. लांबलेल्या ओळीला सूज आलेली असते. एकदा त्या सकाळी सकाळी कुंपणावरून म्हणाल्या, "भाऊ, रात्री धृपद गेलं बघा." मी हातातला तांब्या खाली ठेवला. धृपद म्हणजे गाण्याचं पालुपद हे ठाऊक नसल्यानं, वॉर्डातलीच कुणी मैत्रीण गेली असावी असं वाटून मी दोन शब्द सांत्वनाचेही बोललो. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. यंदा मात्र गोष्ट वेगळी झाली. सिस्टरांची गाणी आजवर बायकांच्या बुधवारच्या प्रार्थनेपलीकडे कधी गेली नव्हती. यंदा चर्चला नवे, तरुण पाळकसाहेब आले. त्यांनी सांगितलं, क्वायरचे, म्हणजे चर्चच्या गाणाऱ्या पोरांचे, प्रमुख शलमोनराव यांना पसंत पडलं तर नाताळच्या उपासनेत क्वायर सिस्टरांचं गाणं म्हणेल. सांगलीचं चर्च, सगळी मंडळी जमलेली, हार्मोनियम, तबला आणि आपले शब्द. सिस्टरांनी आमच्या घरी येऊन हे सांगितलं तेव्हा त्यांना खुर्चीत बसवेना. त्या दिवशी त्यांचंच ब्लडप्रेशर बघायला हवं होतं.

शलमोनराव मूळचे साताऱ्याचे, फौजेतले निवृत्त हवालदार. फौजेच्या बँडात त्यांनी ढोल वाजवलाय. त्यामुळे त्यांच्या क्वायरमधली पोरं गाताना एका रेषेत उभी राहतात, आणि आमेन म्हटल्यावर टाचा जुळवतात. शलमोनरावांना गाण्यात दोनच गोष्टी कळतात, कदम आणि शिस्त. पण त्यांच्याशिवाय क्वायरचं पान हलत नाही.

मग सिस्टरांनी मोहीम उघडली. आधी माझ्यावर, मग मंगलवर, मग गॅसवाला, कुरिअरवाला, आठवडी बाजारातली मेथीवाली. गाणं खरंच बरं जमलं होतं. पहिल्या कडव्यात तारा, दुसऱ्यात मेंढपाळ. माझे दोन्ही आकडे जागेवर राहिले. मग सिस्टरांनी तिसरं कडवं धरलं:

*कंदील घेऊन सुईण आली, गोठ्यात उजेड झाला,*
*नाळ कापली, न्हाऊ घातले, पहिला टाहो आला...*

"सुईण?" मी म्हणालो.

सिस्टरांनी फस्सकन हवा सोडली. "इथंच. इथंच उडी मारली नाडीनं."

मंगलच्या दंडाला पट्टा लागत नाही, कारण ती गाणं टाळीवर जोखते. भजनी मंडळातली बाई आहे. दोन कडवी तिनं छान टाळी धरली. तिसऱ्याच्या दुसऱ्या ओळीला तिचे हात थांबले. "सिस्टर, सणाच्या गाण्यात नाळ कशाला वं? आणि ती सुईण मधीच कुठनं आली?" गॅसवाला तर सुईणीचं नाव ऐकून लाजला आणि पावती न देताच गेला. प्रत्येकाचं तेच. त्या दोन ओळींच्या पुढे सिस्टरांना कुणी जाऊच दिलं नाही.

शेवटी शलमोनराव आमच्याच सोप्यात आले, कारण सिस्टरांना साक्षीदार हवे होते. त्यांनी खुर्चीत सावधान बसून दंड पुढे केला. तारा झाला. मेंढपाळ झाले. मेंढपाळांना शलमोनरावांचा डावा पायही हलला. मग सुईण कंदील घेऊन आली, नाळ कापली गेली आणि शलमोनरावांनी पट्टा स्वतःच्या हातानं सोडला.

"सिस्टर, ही बाई कोण?"

"सुईण."

"बायबलात हाय?"

"न्हाई."

"मग आत कशी आली? गेटपास न्हाई तिचा."

"गोठ्यात शेण होतं असं तरी कुठं लिवलंय?" सिस्टर म्हणाल्या. "म्हणून काय बैल उपाशी होते? पहिलटकरीण पोरगी. परका गाव. नवरा सुतार. सुतारानं बाळंतपण केलं म्हणता? करवत घेऊन आला असता त्यो."

मी खाली बघितलं. मंगल आत पळाली. शलमोनरावांनी मिशीवरून हात फिरवला. "तसं न्हाई. पण पवित्र शास्त्रात जेवढी माणसं, तेवढीच गाण्यात. एक जास्तीचं घुसवलं की उद्या कुणी चहावाला घालंल. दोन कडवी म्हणतो आमी, कडक म्हणतो. तिसरं न्हाई."

सिस्टर माझ्याकडे बघायला लागल्या. "भाऊ, तुमी सांगा."

मी चालीची स्तुती केली. मेंढपाळांची केली. मग म्हणालो की नाताळचं गाणं दोन कडव्यांचं असलं तरी काही बिघडत नाही.

सिस्टरांनी पट्ट्याची घडी घातली. "ठीक हाय. कापलं. पेशंट वाचला म्हणजे झालं, बोट गेलं तर गेलं." आणि त्या घरी गेल्या.

त्यानंतर भिंतीपलीकडून गुणगुणणं बंद झालं. पट्टा घेऊन कुणी आलं नाही. गॅसवाला सुद्धा विचारून गेला, सिस्टर बऱ्या आहेत ना. मी इतकी वर्षं ज्या गाण्यांपासून पळालो, ती थांबल्यावर मला घरात करमेना. मंगलनं एकदा पिठलं देऊन बघितलं. सिस्टरांनी पातेलं घासून, आत मूठभर साखर घालून परत दिलं आणि गाण्याचा विषय काढला नाही.

नाताळच्या सकाळी आम्ही दोघं रिक्षानं सांगलीला गेलो. चर्चमध्ये पताका लावल्या होत्या, पोरींच्या केसांत गजरे होते, आणि बाहेर मांडवात करंज्यांच्या पराती झाकून ठेवलेल्या होत्या. सिस्टर बायकांच्या बाजूला पुढच्या बाकावर बसल्या होत्या, पांढऱ्या इरकल साडीत. शलमोनरावांची पलटण रेषेत उभी राहिली आणि सिस्टरांचं गाणं सुरू झालं.

खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. जी चाल मी दंड आवळून ऐकली होती, ती मोकळ्या दंडानं फार गोड लागली. तारा आला, मेंढपाळ आले, मंगलनं टाळी धरली, तिच्यामागं सगळ्या बायकांनी धरली. दुसरं कडवं संपलं. शलमोनरावांनी थांबायची खूण म्हणून हात वर केला. हार्मोनियम थांबली. पोरांच्या टाचा जुळल्या.

आणि सिस्टर बाकावरून उठल्या आणि एकट्याच गायला लागल्या. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यांनीही कुणाला विचारलं नाही.

शलमोनरावांचा हात वरच राहिला. हा माणूस त्या हातानं ट्रक थांबवेल, मग गाणं काय. पण सिस्टर त्यांच्याकडे बघतच नव्हत्या. सुईण कंदील घेऊन आली, नाळ कापली, टाहो आला. आम्ही सगळे जिथं जिथं त्यांना अडवत आलो होतो ती जागा मागं पडली, आणि त्या पुढच्या ओळी आम्ही पहिल्यांदा ऐकल्या:

*सगळे बाळा पाहत बसले, हात तिने धुतले,*
*एकटी निघाली, नाव तिचे हो कुणीच ना पुसले.*

हार्मोनियमवाल्यानं कधी साथ धरली ते कळलं नाही. शलमोनरावांचा हात हळूहळू खाली आला. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. पाळकसाहेब म्हणाले, "आपण प्रार्थना करू या."

उपासना झाल्यावर मांडवात चहा होता. पोरं करंज्यांवर तुटून पडली होती. सिस्टर एका कडेला उभ्या होत्या, शिक्षा ऐकायला उभ्या राहिल्यासारख्या. शलमोनराव सरळ त्यांच्या पुढ्यात येऊन थांबले.

"सिस्टर, ऑर्डर मोडली तुमी."

"व्हय. मोडली."

शलमोनरावांनी जुळवलेल्या टाचा सैल केल्या. मग म्हणाले, "माझी तिन्ही पोरं झाली तवा मी बॉर्डरला होतो. तारेनं कळायचं. बायकोजवळ कोण होतं, कुणी केलं सगळं, कवा इचारलंच न्हाई मी. आज घरी जाऊन इचारतो." आणि ते तडक गेटकडे चालायला लागले. चहा सुद्धा घेतला नाही.

सिस्टर त्यांच्या पाठीकडे बघत राहिल्या. "पोर रडलं की सगळे पोराकडं धावतात," त्या म्हणाल्या. "धावायलाच पाहिजे, भाऊ. त्यात रागवायचं काय? मी नळावर हात धूत असायची. तवाच ही ओळ सुचली हुती. लय वर्षं झाली."

मंगल दोन कप घेऊन आली होती. तिनं एक कप सिस्टरांपुढे धरला आणि मधेच थांबली.

"सिस्टर, तुमचं नाव काय वं?"

"सातपुते," सिस्टर म्हणाल्या.

"ते आडनाव झालं. तुमचं नाव?"

सिस्टर गोंधळल्या. इकडेतिकडे बघून त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "सुगंधा. आई म्हणायची. आई गेल्यावर... आता कोण म्हणणार?"

"घ्या, सुगंधाताई," मंगल म्हणाली. "चहा निवतोय."

सुगंधाताईंनी कप हातात घेतला. मी खालून बशी धरली आणि त्यांचा चहा संपेपर्यंत तसाच उभा राहिलो.