पापणीचा डॉक्टर

रक्त कमी आहे का, हे बघायला डॉक्टर कशाला? पापणी खाली ओढायची. आत पांढरं दिसलं की लोहाच्या गोळ्या! सिल्वासाच्या दवाखान्यात रांगेत उभं राहून मी ही विद्या उचलली होती.

बायकोला, शोभाला, गलोंड्याच्या सूतगिरणीत जागा मिळत होती. सोमवारी तिथल्या डॉक्टरांकडे तिची तपासणी. पण दोन हंडे उचलले की हिला घेरी! महिनाभर मी हिला गोळ्या देत होतो, त्याही कडक चहासोबत, म्हणजे औषध लवकर भिनतं. तरी पापणी पांढरीच!

चांगलं रक्त कसं दिसतं ते दाखवायला समोरच्या खोलीतल्या वाल्मिकला बोलावलं. पापणी ओढली, आत लालभडक!

"बघ, याला म्हणतात रक्त!"

"भाऊ, सकाळपासून खुपतंय डोळ्यात."

"रक्त वाढलं की खुपतंच!"

मग सगळी चाळ रांगेत. त्याच बोटानं मी सगळ्यांच्या पापण्या ओढल्या, शेवटी शोभाची.

सोमवारी उठून बघतो तर शोभाचे डोळे लालबुंद! म्हटलं, लागू पडलं औषध! वाजतगाजत गिरणीत नेली. डॉक्टर खुर्चीसकट मागे सरकले.

"अहो, डोळे आलेत यांचे! अख्खी गिरणी आजारी पाडता का?"

"हाई काय करं तुम्ही!" शोभा माझ्यावर कडाडली आणि रडायलाच लागली. "साहेब, माझी नोकरी घालवू नका हो!"

डॉक्टरांना दया आली. लांबूनच रक्त काढायला लावलं. सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार, निघाला नाही, लोहच कमी होतं. गावाकडे वावरात अनवाणी राबून पोटात जंत झालेले, आणि चहामुळे गोळी अंगी लागत नव्हती.

"जंताचं औषध घ्या, पायात चप्पल घाला, गोळी लिंबूपाण्यासोबत. दोन महिन्यांनी या, जागा ठेवायला सांगतो."

दोन महिन्यांनी शोभा पास! मी पेढे घेऊन गेलो, तर बोलता बोलता डॉक्टरांनी माझ्याच लालभडक, गुळगुळीत जिभेकडे रोखून पाहिलं आणि रक्त काढून तपासलं.

"तुमच्या रक्तपेशी फुगल्यात. मटण-अंडी खाता? दूध?"

"छे! शुद्ध शाकाहारी. दुधानं कफ होतो, चहासुद्धा कोराच."

"मग लोहानं भागायचं नाही. बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं लागतील. इतकी चाळ तपासलीत, स्वतःची पापणी नाही पाहिली?"

आता तुम्हीच सांगा, डॉक्टरला कोण तपासतं?