सयाजी सुटला

अंजनानं हप्त्याचा डबा घासून उन्हात पालथा घातला तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. डबा तसा साधाच, पत्र्याचा, कडेला चेपलेला, पण पाच वर्षं या घरावर राज्य केलं ते त्यानं. पगार झाला की आधी डब्याचं पोट भरायचं, मग माणसांचं. आज शेवटचा हप्ता घेऊन सयाजी नारायणगावला गेला होता आणि डबा प्रथमच बिनकामाचा होऊन ऊन खात पडला होता.

सयाजी एका शाळेची बस चालवायचा. पगार अठरा हजार, त्यातले आठ हजार एकशे दर पाच तारखेला पतसंस्थेत. सुरुवातीला अंजनाही पॅकहाउसमध्ये द्राक्षं निवडायला जायची. दुसऱ्याच वर्षी तिची कंबर गेली आणि घरात एकच पगार उरला. मग घरातला दुसरा मोबाइल गेला, सणाच्या साड्या गेल्या, आहेर परवडेना म्हणून पाहुण्यांच्या लग्नांना जाणंही गेलं. सयाजीनं चहातली साखर सोडली आणि डॉक्टरांनी सांगितलंय असं वारूळवाडीभर सांगत राहिला.

बरं, कर्ज स्वतःच्या चैनीसाठी काढलेलं असतं तर एक वेळ म्हटलं असतं, भोगा. ते होतं धाकट्या भावाचं, पेठेला राहणाऱ्या गोकुळचं. त्याला पिकअप घ्यायची होती, त्याच्या नावावर कुणी कर्ज देईना, म्हणून सयाजीनं आपल्या नावावर पैसे काढून दिले. गोकुळनं चार हप्ते भरले आणि पाचव्याला गाडी उलटली. "माणूस वाचला ना, गाडीचं बघू," असं सयाजी म्हणाला आणि त्यानं ते बघितलंही. पण गोकुळला लाज वाटली ती अशी, की त्यानं भावाचा उंबरा पुन्हा ओलांडला नाही. फोनही उचलेना. अंजनानं सांगून टाकलं होतं, त्या माणसाचं नाव या घरात काढायचं नाही. सयाजी नाव काढायचा नाही. फक्त दर दिवाळीला पेठेसाठी म्हणून फराळाचा एक पुडा बाजूला बांधून ठेवायचा. तो पुडा तुळशीच्या लग्नापर्यंत कपाटावर बसून असायचा आणि मग दोघं नवराबायको न बोलता तो संपवायची.

घरात एकच मोबाइल, तो आज अंजनाकडे होता. अकरा वाजून दहा मिनिटांनी तो वाजला. मेसेज इंग्रजीत होता, पण शून्य वाचायला इंग्रजी लागत नाही. बाकी शून्य. अंजना तिथंच खाली बसली आणि तिला रडू आलं. खोडदला दिलेल्या बहिणीला, लंकाबाईला, हे आधी सांगायला हवं म्हणून तिनं मोबाइलवर आवाज धाडायचं बटण दाबून धरलं आणि रडत रडत बोलली:

"लंके, तुझे दाजी सुटले गं एकदाचे. आत्ता अकरा वाजून धा मिन्टांनी. पाच वर्षं लई भोगलं बघ माणसानं, पर कुणाला बोलला न्हाई. आता कागद हातात मिळायला तासभर लागंल, मग घरी येतील. मी हितं एकलीच हाय. लवकर ये."

लंकाबाईला हे कळलं ते सगळं निस्तरून झाल्यावर. कारण अंजनाचं बोट वरच्या नावावर पडलं होतं आणि तो आवाज गेला होता सबंध भावकीच्या ग्रुपवर.

दहा मिनिटांत चुलतदीर जानकूचा फोन आला. भावकीत कुणाचंही काहीही झालं की पुढचं सगळं जानकू बघायचा.

"वहिनी, आवाज ऐकला. खरं का हे?"

"खरं म्हंजी काय, मेसेज आलाय की. सुटले."

"असं अचानक?"

"अचानक कुठलं भावजी? पाच वर्षं चाललं व्हतं. मी तर दिवस मोजीत व्हते."

जानकूनं आवाज खाली आणला. "बरं, धीर धरा."

"आता कशाला धरू? धरायचा तेवढा धरला. आज लई हलकं वाटतंय बघा."

"मग... न्यायचं कवा ठरवलंय?"

खंडोबाच्या देवळात पेढे न्यायचं याला कसं कळलं, याचं अंजनाला नवल वाटलं. "चारला निघू. समदे मिळून जाऊ."

"कापड-बिपड काय आणायचं का?"

"त्यांच्यासाठी टॉवेल-टोपी कालच आणून ठिवलीय."

जानकूनं फोन ठेवला आणि बायकोला म्हणाला, "बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. माणसं जमवाय पायजेत." आणि त्यानं ग्रुपवर वेळ टाकली.

अंजनानं मोबाइल आतल्या खोलीत चार्जिंगला लावला आणि पुरण शिजत घातलं. तीन वर्षांनी या घरात पुरण शिजत होतं. तेवढ्यात शेजारची अंबाबाई आत शिरली, अंजनाच्या गळ्यात पडली आणि हंबरडा फोडून रडायला लागली. तिच्यामागून आणखी चौघी आल्या. अंजना हबकली. मग तिला वाटलं, सगळ्या आळीला ठाऊकच होते आपले हाल. कर्ज फिटलं म्हणून शेजाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी यावं, गाव एवढं मायाळू आहे हे आपल्यालाच कधी कळलं नाही. आणि तिलाही हुंदका फुटला. पाच वर्षांत मनसोक्त रडायला सवड मिळाली नव्हती, ती आज मिळाली.

"एवढा चांगला माणूस," अंबाबाई म्हणाली, "कवा कुणाला उलटून बोलला न्हाई."

"न्हाई वो," अंजना म्हणाली. "मलासुदिक न्हाई."

अंबाबाईनं पदरानं डोळे पुसले, तिचं लक्ष गॅसकडे गेलं आणि तिनं पुढं होऊन तो बंद केला.

"अवं, पुरण हाय ते."

"पुरण?" अंबाबाईनं बाकीच्या चौघींकडे पाहिलं. "पोरी, आज हितं काय शिजवायचं न्हाई. पिठलं-भाकरी आमी आणतो."

एवढी माया बघून अंजनाला आणखीच रडू आलं.

एकपर्यंत अंगणात चाळीसेक माणसं जमली. सगळी गुमान, टोप्या हातात. तेवढ्यात दारात जीप थांबली. टपावर दोन लांब बांबू बांधलेले. पुढच्या दारातून गोकुळ उतरला आणि त्याच्या हातात मडकं होतं. ज्याचं तोंड बघायचं नाही असं अंजनानं ठरवलं होतं तो पाच वर्षांनी समोर उभा होता, निम्मा झालेला, कानांवरचे केस पांढरे. त्यानं मडकं कुणाच्या तरी हातात दिलं आणि उंबऱ्याशी येऊन तो कोसळला.

"वहिनी, दादाचं तोंड एकदा बघू द्या. जितेपणी यायला मला तोंड नव्हतं. त्याला मीच मारला, वहिनी. माझ्या कर्जानं मारला त्याला."

अंजनानं गोकुळकडे पाहिलं, टपावरच्या बांबूंकडे पाहिलं, मग मडक्याकडे. म्हणजे सगळ्या गावाला कळलंय, मलाच कुणी सांगितलं नाही. पतसंस्थेतून निघाला असेल, हायवे ओलांडताना काहीतरी झालं असेल. पाच वर्षं बिनसाखरेचा चहा प्यायला आणि सुटल्या दिवशीच गेला. आता मात्र ती ओरडली, आणि ते ओरडणं ऐकून अंगणातल्या पुरुषांनीही डोळ्यांना टॉवेल लावले.

त्याच वेळी सयाजी पेढ्यांचे दोन पुडे घेऊन गर्दीच्या मागच्या टोकाला पोचला होता. आपल्या दारात एवढी माणसं पाहून त्यानं रीतीप्रमाणे टोपी काढली आणि म्हाताऱ्या गेणभाऊला हळूच विचारलं, "कोण गेलं?"

गेणभाऊनं मान न वळवता सांगितलं, "सयाजी. लई भला माणूस. कर्जानं खाल्ला त्याला."

"खरंय," सयाजी म्हणाला. दोन पावलं पुढं गेला. मग थांबला. "कोण सयाजी?"

गेणभाऊनं आता वळून पाहिलं आणि त्याच्या हातातली काठी पडली.

"अंजे, काय झालंय?" सयाजी माणसं सारत आत आला. अंजनानं त्याला पाहिलं. तिनं त्याच्या शर्टाची बाही धरली ती सोडलीच नाही. गोकुळनं मात्र उठून भावाच्या छातीवर दोन गुद्दे हाणले आणि मग तिथंच डोकं टेकलं. सयाजीनं पुडे न सोडता, कोपरानंच त्याला जवळ ओढलं.

मग चौकशी झाली. जानकूनं सगळ्यांसमोर तो आवाज पुन्हा वाजवला आणि अंगणात आधी कुणीतरी खोकलं, मग हसलं, मग हसण्याला धरबंध राहिला नाही. अंजनाला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

"सुटले म्हंजी कशातनं सुटले ते सांगावं का न्हाई माणसानं," जानकू चिडून म्हणाला. "मी लाकडाचंबी सांगून बसलो."

पेढे चाळीस माणसांत निम्मे निम्मे करून वाटले. एक पुडा पेठेसाठी घेतला होता, तोही फुटला. गोकुळनं अर्धा पेढा हातात घेतला. "कशाचे?"

"हप्ते संपले आज," सयाजी म्हणाला.

गोकुळला तो पेढा तोंडात घालवेना, खाली ठेववेना.

माणसं पांगली आणि जीपवाला भाडं मागायला आला. गोकुळनं खिशातून नोटा काढल्या. त्या पाहून अंजनानं विचारलं, "गोकुळभावजी, हे पैसं कुठनं आणलं?"

गोकुळ खाली बघत राहिला. "फोनवरनं कर्ज काढलं. धा हजार. जीप, बांबू, समदं त्यात. दादाचं शेवटचं तरी मी नीट करावं म्हणलं."

"हप्ता किती?"

"अकराशे. धा महिने."

अंजनाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. आज सकाळी घर मोकळं झालं आणि दुपारी याच माणसानं पुन्हा कर्ज दारात आणलं, तेही जित्या माणसाच्या मयताचं. ती तोंड उघडणार तोच तिला सयाजी दिसला. तो भावाशेजारी ओट्यावर बसला होता आणि त्याचा हात गोकुळच्या गुडघ्यावर होता. पाच वर्षांत असा निवांत बसलेला तिनं त्याला पाहिला नव्हता.

ती अंगणात गेली, पालथा डबा उचलला, पदरानं पुसला आणि घरात पुन्हा त्याच्या जागी ठेवला.

"अकराशे आमी देऊ," ती बाहेर येऊन म्हणाली. "पर फोनवर धाडणार न्हाई. दर पाच तारखेला सोता न्यायला यायचं. आन् जेवून जायचं."

गोकुळनं नुसती मान हलवली. जाताना त्यानं विचारलं, "बांबूंचं काय करू?"

"ऱ्हाऊ दे," सयाजी म्हणाला. "दोडक्याला मांडव पायजेच हाय."

गोकुळ दर पाच तारखेला येत गेला. अकराशे घ्यायचा, जेवायचा, भावाशेजारी तासभर बसायचा आणि दुपारच्या एसटीनं पेठेला जायचा. बांबूंवर दोडका चढला, लागला, वाळूनही गेला. दहा महिने भरत आले तसं अंजनाच्या जिवाला लागून राहिलं, हप्ते संपले की हा यायचा कशाला. शेवटचा हप्ता नेताना गोकुळ नेहमीपेक्षा गप्प होता, आणि सयाजी त्याला सोडायला फाट्यापर्यंत चालत गेला होता.

अकराव्या महिन्याच्या पाच तारखेला अंजनानं सवयीनं चार भाकरी जास्त टाकल्या आणि मग स्वतःवरच चिडली. सयाजी सकाळची फेरी टाकून आला होता आणि ओट्यावर उगाच टोपी झटकत बसला होता. बाराच्या सुमाराला फाटक वाजलं. गोकुळ दारात उभा होता, नजर चुकवत.

"वहिनी," तो म्हणाला, "येक हप्ता चुकून ऱ्हायलाय म्हणत्यात."

दहाच्या दहा हप्ते अंजनानं स्वतःच्या हातानं मोजून दिले होते.

"ऱ्हायला असंल," ती म्हणाली. "व्याजाचं काय सांगावं. हातपाय धुवा, वाढते."