ताराक्कांचं नाक

ताराक्का गाडीचा बिघाड वास घेऊन सांगायच्या. इंजिनाचा नव्हे, इंजिनाला त्या हात लावत नसत. गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा. मोटारसायकलची ठिणगी पाडणारी काळी डबी, जीपचं चार्जिंग सांभाळणारा रेग्युलेटर, गाडी मागं घेताना गाणं वाजवणारा भोंगा, यातलं काहीही बंद पडलं की ड्रायव्हर मंडळी घोडेगावला आक्कांच्या दुकानात यायची. दुकान आमच्या घराला लागून होतं. मी डिंभ्याच्या शाळेत मास्तर. शाळेतून आलो की त्यांच्या बाकड्यावर टेकायचो.

पद्धत ठरलेली होती. आक्का पदर खोचायच्या, चष्मा कपाळावर सरकवायच्या, डबी नाकाशी धरायच्या आणि डोळे मिटायच्या. कुणी बोललं तर म्हणायच्या, "गप, वास घेऊ दे." त्यांच्या मते बिघाडाचे वास तीन. जळका, आंबूस आणि मुका. मुका वास कसा असतो हे मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "तुमाला न्हाई कळायचं, मास्तर. तुमी खडूत राहिलेलं माणूस." मग गर्दीत वास पांगतो म्हणून डबी घेऊन पडद्याआड जायच्या, वास मुरायला पाच मिनिटं लागायची, आणि बाहेर येऊन अमुक चीप गेली असं सांगायच्या. ते कधी चुकलं नाही.

ही कीर्ती थेट जुन्नरपर्यंत गेली होती. येडगावचा एक माणूस टरबूज घेऊन आला, पिकलंय का ते बघा म्हणाला. खोडदच्या एका पाटलांनी तर होणाऱ्या जावयाला मोटारसायकलसकट आणलं. बोलता बोलता पोराचाही अंदाज घ्या, असं त्यांनी हळूच कानात सांगितलं. आक्कांनी गाडीभोवती एक फेरी मारली, टाकीपाशी वाकल्या आणि पोराला विचारलं, "मैतराला गाडी परत कदी द्यायचीय?" पोरगा पांढराफटक पडला. गाडी खरंच मित्राची निघाली. ती दोन महिन्यांपूर्वी आक्कांनीच दुरुस्त केली होती, हे त्यांनी मला पाटील गेल्यावर सांगितलं. लग्न मात्र झालं. पोरानं खरं काय ते तिथंच कबूल केलं, तेच पाटलांना आवडलं.

पुढं पिकअप गाड्यांमध्ये कॉम्प्युटर आला. नुसती पत्र्याची चपटी पेटी, पण ड्रायव्हर लोक तिला जाम घाबरत. पेटी रुसली की गाडी जागची हलायची नाही, आणि डॅशबोर्डावर पिवळा दिवा लागायचा. चांगले चांगले मिस्त्री हात जोडायचे. आक्कांनी दोन पेट्या हुंगल्या, दोन्ही चालू झाल्या, आणि त्यांचं नाव आणखी वाढलं.

मे महिन्याच्या सुट्टीतली गोष्ट. डिंभ्याचा पोपट ड्रायव्हर आपली पिकअप दुसऱ्या गाडीला बांधून ओढत घेऊन आला. गाडीत धरणातली मासळी होती. सकाळी निघालेली गाडी वाटेत तीनदा बंद पडली होती, बर्फ वितळून गेला होता, आणि ऊन असं की गाडी दारात थांबली तशी शेजारच्या किराणावाल्यानं शटर खाली ओढलं. पोपटानं तोंडाला टॉवेल बांधला होता. मी उपरण्याचं टोक नाकात कोंबलं. समोरच्या झाडाखालचं कुत्रं तेवढं आनंदात होतं.

पेटी ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटखाली होती. सीटवर दोन पाट्या, ओल्या पोत्यानं झाकलेल्या. आक्का केबिनमध्ये शिरल्या, पाट्यांना खेटून वाकल्या, नेहमीसारखे डोळे मिटले आणि चांगला लांब श्वास घेतला. पोपटानं माझा दंड धरला. मला वाटलं, बाई आता आडवी होणार.

आक्कांनी शांतपणे पेटी सोडवली. आतल्या पिना हिरव्या पडल्या होत्या. "वरनं पानी गळतंय रं," त्या म्हणाल्या. "काय भरलंय? मेथी का कोथमीर?"

मी आणि पोपटानं एकमेकांकडं पाहिलं. मग पोपट टॉवेलाच्या आतून खो खो हसायला लागला. आक्का लई मस्करी करतात, म्हणाला. त्याच्यामागं सगळे हसले. आक्काही हसल्या, पण जरा उशिरानं. त्यांनी आधी माझ्या नाकातल्या उपरण्याकडं पाहिलं, मग पोत्याकडं, आणि पेटी घेऊन पडद्याआड गेल्या.

तासाभरानं पिकअप सुरू झाली. पोपट हात हलवत गेला. मी पहिल्यांदाच पडदा बाजूला करून आत डोकावलो. आत मीटर होता, सोल्डरिंगची गन होती, मोठं भिंग होतं, आणि आकृत्यांनी भरलेल्या दोन जाड वह्या होत्या.

"बसा," आक्का म्हणाल्या. "किती वर्षं झाली ते इचारू नका. लई मोठा ताप आलता, तवा वास गेला, तो गेलाच."

मग त्यांनी सगळं सांगितलं. पुण्याला राहून त्या रेडिओ-टीव्हीचा कोर्स पहिल्या नंबरानं पास झाल्या होत्या. दुकान टाकलं, तर बाईच्या हातात मीटर बघून ड्रायव्हर म्हणायचे, मालकाला बोलवा. मालक मीच म्हटलं की गाडी पुढच्या दुकानात. एकदा डबीतल्या सोल्डरच्या टाक्याला गेलेली बारीक चीर दिसेना, म्हणून डबी डोळ्यांपाशी नेली. ड्रायव्हरला वाटलं, बाई वास घेतेय. डबी दुरुस्त झाली आणि तो गावभर सांगत सुटला. दुसऱ्या दिवशी दारात चार गाड्या.

"शिकलेलं डोस्कं त्यांना नको व्हतं," आक्का म्हणाल्या. "नाक चाललं. मग म्हनलं, नाक तर नाक."

मी कुणाला सांगणार नाही म्हटलं. त्या मीटरच्या वायरी गुंडाळत बसल्या. निघताना मात्र म्हणाल्या, रविवारी घरच्यांना घेऊन जेवायला या. इतक्या वर्षांच्या शेजारात त्यांनी पहिल्यांदाच बोलावलं होतं. दुकानामागच्या दोन खोल्यांत त्या एकट्याच राहायच्या.

रविवारी मी आणि बायको जाऊन बसलो. आक्कांनी आंबेमोहोराचा भात केला होता. चुलीवरून पातेलं उतरवून त्यांनी आमच्यासमोर ठेवलं आणि झाकण उचललं. वाफ वर आली. आक्कांनी भाताकडं पाहिलंच नाही. त्या माझ्या बायकोचं तोंड बघत होत्या.

बायकोला यातलं काही माहीत नव्हतं. तिनं डोळे मिटले आणि म्हणाली, "आक्का, पार माहेरी गेल्यासारखं वाटलं."

"व्हय?" आक्का म्हणाल्या. त्यांचा चेहरा असा फुलला की मला खाली बघावं लागलं.

तेवढ्यात मागून माझी आई आली आणि पाय धुवायला मोरीकडं वळली. आक्कांनी पटकन झाकण परत ठेवलं. आई आत येऊन पाटावर नीट बसेपर्यंत त्या थांबल्या, आणि मग तिच्यासमोर त्यांनी ते पुन्हा उचललं.