तिसऱ्या खांबापाशी

रणदिवेकाकांना कुठंही जायचं असलं की ते आदल्या दिवशी तिथं जाऊन येतात. लग्नाचं आमंत्रण आलं की आदल्या संध्याकाळी हॉल बघून येणार. गाडी कुठं लावायची, जेवण वर आहे की खाली, पंख्याखालची खुर्ची कोणती, सगळं. दाढ काढायची होती तेव्हा आदल्या दिवशी दवाखान्यात जाऊन नुसते बाकावर बसून आले. पाहुण्यांना पानिपतला काला अंब दाखवायला न्यायचं ठरलं, तर आधीच्या रविवारी एकटेच बसने जाऊन आले. मी म्हटलं, "काका, स्मारक आहे ते. कुठं जाणार आहे?"

"स्मारक नाही रे जात. पण गेट बंद असलं तर? लोक एवढ्या लांबून येतात यार. एकदा पाहून आलेलं बरं."

'एकदा पाहून आलेलं बरं' हे त्यांचं पालुपद. त्यांचं पूर्ण नाव सॅम्युअल यशवंत रणदिवे. मूळचे नगरचे, पण तीसहून जास्त वर्षं दिल्लीत, केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात. फरीदाबादच्या आमच्या सोसायटीत समोरच्या फ्लॅटमध्ये एकटे राहतात. दिवाळीला आमच्याकडची चकली तिकडं जाते आणि नाताळला त्यांनी स्वतः लाटलेल्या करंज्या इकडं येतात. लग्न केलं नाही. माझी बायको मधुरा म्हणते, लग्नही एकदा पाहून यायचं म्हणाले असतील, म्हणून राहून गेलं असेल.

दिल्लीत नव्याने येणाऱ्या मराठी माणसाला मात्र काकांशिवाय गत्यंतर नाही. कुणाचा भाचा मुनिरकात खोली घेऊन शिकायला येतोय, कुणाची बदली झालीय, कुणाची आई डॉक्टरांना दाखवायला येतेय, काका निजामुद्दीन स्टेशनवर हजर. आदल्या दिवशी फलाट पाहून आलेले असतात, हे वेगळं सांगायला नको. गाडी चार तास लेट असली तरी हातात पाण्याची बाटली आणि पिशवीत शेंगदाण्याचे लाडू घेऊन उभे. माणूस डब्यातून उतरला की तीच तीन वाक्यं, "आलात? प्रवास ठीक झाला ना? द्या ती बॅग इकडे." आणि सगळ्यांत जड बॅग आपल्या हातात. मलाही त्यांनी असंच उतरवून घेतलं होतं. ओळख ना पाळख, माझ्या ऑफिसातल्या कुणीतरी त्यांना कळवलं होतं एवढंच.

या कामाचा त्यांचा एक नियम आहे. घ्यायला गेलेल्या माणसानं ठरलेली जागा सोडायची नाही. "दोघंही एकमेकांना शोधायला लागले की झालं कल्याण. एकानं खांबासारखं उभं राहायचं. बिल्कुल हलायचं नाही." या नियमामागची हकीकत ते प्रत्येक पाहुण्याला ऑटोत सांगतात. तरुणपणी पहिल्यांदा दिल्लीला आले तेव्हा त्यांचे एक लांबचे मामा घ्यायला येणार होते. मामा पुढच्या डब्यापाशी, हे मागच्या. मामा मागं आले तोवर हे पुढं गेलेले. मग मामा या पुलावर, हे त्या पुलावर. असे दिवसभर फिरले आणि संध्याकाळी हे विचारत विचारत एकटेच मामांच्या दारात पोचले. काका हे सगळं हातवारे करून सांगतात. पाहुणा हसून हसून प्रवासाचा शीण विसरतो. मी ती हकीकत इतक्यांदा ऐकलीय की मामांचा डबासुद्धा मला पाठ आहे.

मागच्या वर्षी मधुरा दिल्लीतली एकवीस किलोमीटरची हाफ मॅरेथॉन पळाली. मी तिला आणायला निघालो तर काकाही बरोबर आले. परत येताना सगळे पळणाऱ्यांबद्दल बोलत होते. काका मात्र मेट्रोत म्हणाले, "किती लोक घ्यायला आले होते रे! ती एक बाई पार शेवटी आली, तरी तिच्यासाठी सहाजण थांबलेले." पुढच्या नोंदण्या सुरू झाल्या त्याच दिवशी त्यांनी आपलं नाव घातलं. वय एकोणसाठ, आजवरचा व्यायाम म्हणजे ऑफिसचे जिने.

तेव्हापासून आमच्या दोन्ही घरांत काळजी राहायला आली.

आधी शरीराची काळजी. ट्रेडमिलवर पळवून हृदय तपासतात ती टेस्ट डॉक्टरांनी सांगितली. काका आदल्या दिवशी जाऊन ते यंत्र बघून आले आणि रात्रभर झोपले नाहीत. टेस्ट चांगली आली, तर म्हणाले, "मशीन जुनं वाटत होतं." मग बुटांची. नवे बूट चावतात म्हणून ते घालून ते घरात पोळ्या लाटायचे. मग हवेची. सकाळी उठून आधी मोबाइलवर हवेचा आकडा पाहायचा. आकडा वाईट असला तर पळणं धोक्याचं, आणि पळालो नाही तर सराव बुडाला, म्हणून मास्क लावून पार्कात उभ्या उभ्या पाय उचलायचे. पहिल्या आठवड्यात मास्क लावून कॉलनीत धावताना वॉचमनने त्यांना अडवलं, "साब, कोई पीछे पड़ा है क्या?"

तो प्रश्न काकांना फारच लागला, कारण मागं लागणारं खरोखरच एक होतं. बस. जे फार हळू पळतात त्यांच्या मागून आयोजकांची एक बस येते. वेळ संपली की रस्ता गाड्यांना मोकळा करायचा असतो, म्हणून राहिलेल्यांना त्या बसमध्ये बसवतात. काकांना तिचा पत्ता लागल्यापासून त्यांनी दुसरा विषय काढला नाही.

"मिलिंद, ती बस हॉर्न देते का रे?"

"माहीत नाही काका."

"हॉर्न न देता मागून आली तर?"

मी समजावलं, की पकडून नेण्यासाठी नसते ती, दमलेल्या लोकांची सोय असते. काका म्हणाले, "सोय मला नको. मला शर्यत संपते त्या कमानीतून पायी यायचंय. एवढंच."

सुटीच्या दिवशी ऑटो करून त्यांनी सगळा मार्ग पाहिला. चढ कुठं, सावली कुठं, जवळचं हॉस्पिटल कुठं. ऑटोवाला दर चौकात थांबून थांबून वैतागला. पाणी पीत पीत पळायचा सराव झाला. मी आमच्या इमारतीच्या कोपऱ्यावर कागदी पेला धरून उभा राहायचो आणि ते धावत येऊन पाणी स्वतःच्या शर्टावर ओतायचे. ताकद देणारी जेलची पुडी खाऊन पाहिली आणि "टूथपेस्ट आहे" म्हणून बाजूला ठेवली. शेवटी खिशात गूळ-शेंगदाणे ठेवायचं ठरलं.

हळूहळू ते खरंच पळायला लागले. पाच किलोमीटर झाले, दहा झाले, सूरजकुंडच्या रस्त्यावर मी सायकलवर आणि ते पायी असे सोळा झाले. आणि तिथं घोडं अडलं. सरावाच्या सगळ्या तक्त्यांत लिहिलेलं असतं, की शर्यतीआधी पूर्ण अंतर पळायचं नाही. पाय ताजे ठेवायचे. उरलेले पाच त्या दिवशीच.

हे ऐकून काकांचा चेहरा उतरला. "म्हणजे शेवटचे पाच पाहायचेच नाहीत?"

"ऑटोतून पाहिलेत की."

"ऑटोनं पाहिले रे. पायांनी कुठं पाहिले?"

आयुष्यात पहिल्यांदाच काका न पाहिलेल्या ठिकाणी जायला निघाले होते. जेवण कमी झालं. ऑफिसात फाइल उलटी धरून बसले होते, असं त्यांच्या सहकाऱ्यानं मला फोन करून सांगितलं. मधुरा म्हणाली, नाव मागं घ्यायला सांगू या. मलाही धास्ती वाटायला लागली होती. उद्या काही झालं तर नगरला कुणाला कळवायचं, हेसुद्धा आपल्याला ठाऊक नाही, हे तेव्हा लक्षात आलं. मी तसं सुचवून पाहिलं. काका बुटांच्या नाड्या बांधत होते. मान वर न करता म्हणाले, "तू येणार आहेस ना घ्यायला?"

"येणार ना."

"मग चलो. ती जागा पाहून येऊ."

शर्यतीच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं स्टेडियमबाहेर गेलो. कामगार कमानीत हवा भरून पाहत होते. काकांनी कमानीपुढचा तिसरा दिव्याचा खांब निवडला आणि मला त्याला पाठ लावून उभं केलं. मग लांब जाऊन धावत आले. "हात वर कर. असा नाही, उंच. ओरड." मी ओरडलो. कामगार काम सोडून बघायला लागले. तीन वेळा तालीम झाल्यावर काकांनी मोबाइल, घराच्या किल्ल्या आणि घड्याळ शर्यतीच्या दिवशी माझ्याकडेच ठेवायचं ठरवलं. पळताना खिशात खुळखुळतं म्हणे. "आणि मिलिंद, काही झालं तरी हलायचं नाही."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ते गर्दीत शिरले आणि मी आणि मधुरा तिसऱ्या खांबाला जाऊन चिकटलो. आधी वाऱ्यासारखे पळणारे आले, मग भराभर चालणारे, मग लंगडणारे. ढोल वाजत होते, लोक आपापल्या माणसांच्या गळ्यात पडत होते. मग येणारे तुरळक झाले. ढोलवाल्यांनी ढोल गुंडाळले. एक अँब्युलन्स दिवे लावून आत गेली. काकांचा मोबाइल माझ्याच खिशात. विचारणार कुणाला?

मग बस आली. लांबच्या पार्किंगमध्ये थांबली. मधुरा धावत जाऊन एकेक चेहरा पाहून आली. काका नव्हते.

"अँब्युलन्सच्या तंबूत बघू या," ती म्हणाली. मी पाऊल उचललं आणि थांबलो. समजा मी तिकडं गेलो आणि ते इकडं आले? मधुरा चिडली. "अरे, माणूस कुठं पडलाय का ते बघायचं सोडून खांब काय धरून बसलायस!" तिचं बरोबर होतं. पण माझी पाठ खांबावरून निघेना. शेवटी ती तंबूकडं गेली आणि मी राहिलो. समोर रस्त्यावर गाड्या सुरू झाल्या. कामगारांनी कमानीची हवा सोडली आणि ती हळूहळू बसली. सतरंजीसारखी गुंडाळून टेम्पोत घातली. तिसऱ्या खांबापाशी मी एकटा उभा होतो आणि मनातल्या मनात नगरला कुणाला तरी, ज्याचं नावही मला माहीत नव्हतं, वाईट बातमी सांगत होतो.

तेवढ्यात चौकापलीकडं पिवळा बनियन दिसला. छातीवर नंबर, हातात पाण्याची रिकामी बाटली. रणदिवेकाका फुटपाथवर उभे होते. त्या क्षणी एकही गाडी येत नव्हती, तरी पादचाऱ्यांचा हिरवा दिवा लागायची वाट पाहत होते. दिवा लागला. त्यांनी दोन्हीकडं पाहिलं आणि पुढे आले. आता ते पळत नव्हते, धड चालतही नव्हते. एक पाय टाकायचे आणि दुसरा मागून ओढून आणायचे. कमान होती तिथं आल्यावर नसलेल्या कमानीखालून वाकून आले.

मी हात वर केला. उंच. 

काका खांबापर्यंत आले, त्यांनी खांबाला हात लावला आणि धापा टाकत म्हणाले, "हलला नाहीस ना?"

"नाही काका. बसमध्ये का नाही बसलात? आम्ही मेलो इथं काळजीनं!"

"बसमधली पोरं चढा म्हणत होती रे. चांगली होती बिचारी. पण बस सोडते पार्किंगमध्ये आणि तू इथं खांबापाशी." त्यांनी श्वास घेतला. "परत चुकामूक झाली असती."

मी म्हटलं, "मामांसारखी." त्यांना हसवावं म्हणून म्हटलं.

काका हसले नाहीत. खांबाला टेकून हळूहळू खाली बसले आणि बाटलीच्या झाकणाशी चाळा करत राहिले. "मामा आलेच नव्हते रे," ते म्हणाले. "मी दिवसभर एकाच जागी उभा होतो. संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो तर म्हणाले, अच्छा, आज होतं का? चुकामुकीचं मीच आपलं सांगतो. लोक हसतात, बरं वाटतं."

तंबूकडून मधुरा धावत येत होती. मला काकांना बरंच काही म्हणायचं होतं. ज्या माणसानं अर्ध्या दिल्लीला गाडीतून उतरवून घेतलं, त्याच्यासाठी कधी कुणी फलाटावर उभं राहिलं नव्हतं, आणि इतकी वर्षं समोर राहून मला हे माहीत नव्हतं. मला फार वाईट वाटलं. पण मला त्या वेळी म्हणण्यासारखी तीनच वाक्यं आठवली, आणि ती त्यांचीच होती.

मी त्यांच्यासमोर उकिडवा बसलो. "आलात काका? प्रवास ठीक झाला ना?" आणि हात पुढे केला. "द्या ती बॅग इकडे."

काकांनी माझ्याकडं पाहिलं. मग हातातली रिकामी बाटली दोन्ही हातांनी माझ्याकडं दिली.