वास कशासारखा यायलाय?

आमचे खिल्लारे सर कुणाला ‘कसे आहात’ विचारत नाहीत. माणूस समोर आला की हातातली वस्तू त्याच्या नाकाशी धरतात. “सांगा, वास कशासारखा यायलाय?” कधी डब्याचं झाकण, कधी ओलं फडकं. ‘चांगला येतो’ म्हटलेलं चालत नाही. “चांगला म्हंजे कशासारखा?” कॉलेजातले प्राध्यापक त्यांना लांबून बघूनच वाट बदलतात.

मी सातवीतून शाळा सोडलेली, लग्न होऊन कुडाळहून थेट परभणीत आलेली. सरांनी प्रयोगशाळेत कामाला घेतलं. काचा फुटतील म्हणून मी श्वास रोखून वावरायची. “फुटली तर दुसरी करू, ताई. दुसरी सुनंदाताई कुठून आनू?” सर म्हणायचे.

जवळच्या झरी गावच्या या माणसानं काचेच्या पट्टीवर सोन्या-चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचे ठिपके बसवलेत. पट्टीवर वाफ सोडली की ठिपक्यांचे रंग किंचित बदलतात. स्पिरिटची नक्षी वेगळी, ॲसिटोनची वेगळी. आपल्या डोळ्यांना कळत नाही, कॅमेऱ्याला आणि त्याला जोडलेल्या संगणकाला कळतं. पट्टी धुते मी, म्हणून मी तिला ‘आमची पट्टी’च म्हणते.

पुण्याहून तज्ज्ञ आले. काम चालू राहणार की गुंडाळायचं, ते त्याच दिवशी ठरणार होतं. सरांनी स्पिरिटची बाटली धरली. संगणक म्हणाला, ओळख पटत नाही. ॲसिटोन धरलं, तेच. सर बाटल्या पुन्हा पुन्हा धरत राहिले.

शिपाई शेखमामूंनी इथल्या रिवाजाप्रमाणे दारातच सगळ्यांच्या मनगटांना अत्तर लावलं होतं. सरांनाही, आणि बाटली त्याच हातात.

मी जवळ जाऊन पुटपुटले, “सर, अत्तर.”

“कुठं हाय?”

मी त्यांच्या मनगटाकडे बोट दाखवलं. “करोनापासून वासच यायना, ताई,” ते हळूच म्हणाले. “मामूनी हाताला कायतरी लावलं खरं.”

म्हणजे इतके दिवस ते आमची नाकं उसनी मागत होते, आणि लोक वाट बदलत होते.

मी सगळ्यांना हात धुवायला लावले, खिडक्या उघडल्या. “अत्तर भी इत्ता बुरा रहता क्या?” मामू कुरकुरले. मग आमच्या पट्टीनं स्पिरिट ओळखलं, ॲसिटोन ओळखलं, पाहुण्यांनी स्वतःच्या हातानं अदलाबदल केलेल्या बाटल्यासुद्धा ओळखल्या. काम चालू ठेवा म्हणाले. जणू माझाच नंबर आला असं वाटलं मला.

पाहुणे गेल्यावर सरांनी मामूंच्या कानातला अत्तराचा फाया मागून घेतला, पट्टीजवळ धरला. पडद्यावर नवी नक्षी उमटली. ते बघत बसले.

“ताई, हे कशासारखं?”

मी डोळे मिटले. “आमच्या कुडाळच्या दारातल्या सुरंगीच्या फुलांसारखं.”

नक्षीखाली त्यांनी ‘सुरंगी’ असं टाईप केलं.

“सर, तुम्ही सुरंगी बघितलीय कधी?”

“न्हाई,” पडद्यावरून नजर न काढता म्हणाले, “आता बघायलोय की.”