मास्तरांची दक्षिण दिशा

गिऱ्हाइकांचे सहा कपडे बाजूला सारून शिंपीमास्तरांनी परीक्षेसाठी स्वतःला नवं जाकीट शिवलं. पानगळ सुरू झाल्यापासून दर रविवारी ते गिर्यारोहण मंडळाबरोबर डोंगरात जाऊन नकाशा आणि होकायंत्रावर वाट शोधायचा सराव करत होते. आज पास झाले, की मंडळाच्या सहलीत सगळ्यांच्या पुढे चालायचा मान त्यांचा. साठीला टेकलेल्या माणसाला पुढे चाला म्हणतं कोण? म्हणून आपण पास होणारच, असं मास्तरांनी गल्लीत आधीच सांगून ठेवलं होतं.

परीक्षक होती त्यांची मुलगी.

"घरचीच परीक्षक," चढावर धापा टाकत मंडळातले बेकरीवाले म्हणाले. "म्हणजे पेपर फुटलाच की, मास्तर."

"तुम्ही तिला ओळखत नाही," मास्तर म्हणाले. पण पोटची पोर अगदीच गळा कापणार नाही, असं त्यांनाही आतून वाटत होतंच.

खिंडीत पोचेपर्यंत धुकं असं दाटलं, की सूर्य कुठे आहे हे देवालाच ठाऊक. मुलीने वही उघडली. "उमेदवार, इथून बरोबर दक्षिणेला दीड किलोमीटरवर दगडांची रास आहे. तिथे आम्हाला न्या. वाटेत मी काही बोलणार नाही."

"अगं, उमेदवार काय? सकाळी माझ्या हातचा चहा पिऊन आलीस."

"चहाला गुण नाहीत, उमेदवार."

निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी हसू लपवायला मफलर वर ओढला.

मास्तरांनी होकायंत्र छातीशी धरलं. एरवी सुई नाही नाही म्हणत मान हलवायची. आज कशी गुणी बाळासारखी स्थिर. लाल टोक, म्हणजे उत्तर, थेट त्यांच्या छातीकडे. उत्तर पाठीशी, तर दक्षिण नाकासमोर. "चाळीस वर्षं सुईशी संसार केलाय," ते म्हणाले. "हात ओळखते ती." आणि निघाले.

अर्ध्या तासाने समोर एक अंगण आलं. दगडी घराच्या ओट्यावर एक म्हातारी दाभणाने पोतं शिवत बसली होती. मास्तरांनी नमस्कार केला, सुई पाहिली आणि फाटकातून दक्षिणेला निघाले. वीस मिनिटांनी धुक्यातून पुन्हा तीच म्हातारी, तेच पोतं. या वेळी दक्षिण गोठ्यामागून निघाली. तिसऱ्यांदा आले तेव्हा पोतं अर्धं शिवून झालं होतं.

"दादा, चाललात तरी कुठे?" म्हातारीने विचारलं.

"दक्षिणेला."

"मग दर खेपेला वेगळ्या बाजूने का जाता? आमच्याकडे एकच आहे दक्षिण."

बेकरीवाले दगडावर बसले. बाई म्हणाल्या, "माझ्या वर्गात अशी मुलं मी बाकावर उभी करायची." मुलगी वहीत काहीतरी लिहीत होती. बापाने मान उंचावून वाचायचा प्रयत्न केला, तशी तिने वही मिटली.

तोंड लपवायला माणूस आपल्या धंद्याकडे वळतो. "आजी, टाके सैल पडतायत. बघू इकडे," म्हणत मास्तरांनी दाभण हातात घेतलं, आणि ते बोटांतून निसटून टणकन त्यांच्या जाकिटाच्या खिशाला चिकटलं.

मास्तरांनी हळूच खिशात हात घातला. काल जाकीट पुरं झाल्यावर टेबलावरच्या टाचण्या गोळा करायला घेतलेला लोहचुंबक त्यात तसाच होता. सकाळपासून सुई बिचारी उत्तर नव्हे, मास्तरांनाच दाखवत होती. आणि ज्याला स्वतःच्याच छातीत उत्तर दिसते, तो तोंड वळवेल तिकडे दक्षिण!

बाकी सगळे दुसरीकडे पाहत होते. खिशातून हात रिकामा काढता आला असता. मास्तरांनी चुंबक सगळ्यांसमोर धरला. "होकायंत्र बरोबर आहे," ते म्हणाले. "चूक माझ्या खिशात होती."

चुंबक आजींच्या ओट्यावर ठेवून त्यांनी ते घर नकाशात शोधलं, सुई पाहून नव्याने दिशा धरली, पावलं मोजली आणि मंडळींना दगडांच्या राशीपाशी नेऊन उभं केलं. एक पाऊल इकडे नाही की तिकडे नाही. फक्त अडीच तास उशीर.

"पास करून टाक की, पोरी," बेकरीवाले म्हणाले. "लोखंडाचा गुन्हा, बापाला कशाला शिक्षा?"

"लोखंड कुणाच्या खिशात होतं?"

"माझ्या," मास्तर म्हणाले.

तिने सही करून कागद फाडून दिला.

आठवडाभरात दुकानातल्या मोठ्या आरशाशेजारी एक चौकट लागली. कोट घालून बघायला उभं राहणारं प्रत्येक गिऱ्हाईक ती वाचू लागलं: 'उमेदवार प्रामाणिक. वाट चुकला, कबूल केलं, शेवटी पोचवलं. नापास. वसंतात पुन्हा बसावे.'

"मास्तर," एकाने न राहवून विचारलं, "नापास झाल्याचा कागद कुणी चौकटीत लावतं का?"

मास्तरांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या, फडक्याने काच पुसली आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"सही वाचा कुणाची आहे ती."