काकांच्या वहीतले म

"हळू बोल," विद्याधरकाका म्हणाले. "खरं तर बोलूच नकोस. दहाच मिनिटं."

कुंदाकाकू पोह्यांची बशी हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. बेचाळीस वर्षांच्या संसारात काकांनी त्यांना कधी गप्प बस म्हटलं नव्हतं. गरजच पडली नव्हती. काकू बोलायच्या, काका पेपर वाचायचे, आणि मुलुंडच्या त्या दोन खोल्यांत दोन्ही कामं बिनबोभाट चालायची.

आता पेपर सुटला होता आणि काका एका वहीत डोकं घालून बसले होते. पानभर छापलेली अक्षरं. त्यातला प्रत्येक 'म' हुडकून खोडायचा. उन्हाळ्यात काका नळ चालू ठेवून खाली पार्किंगचं भांडण सोडवायला गेले आणि खालच्यांच्या छताला ओल आली, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, हा विसरण्याचा मोठा आजार नव्हे, त्याच्या अलीकडची पायरी आहे. लक्ष टिकत नाहीये, त्याला व्यायाम द्या. म्हणून आठवड्यातून दोनदा नाहूरचा क्लास. आणि क्लासात मृणालिनी मॅडम.

"मॅडम म्हणतात, जेवताना टीव्ही नको."

"हे मी लग्नापासून सांगतेय!"

"हो? पण मॅडम कशा समजावून सांगतात गं."

काकूंनी पोह्यांची बशी वहीशेजारी आपटली.

सोमवारी काकांनी निळ्या शर्टाला स्वतः इस्त्री केली. बँकेत असताना हा माणूस मुलीच्या साखरपुड्यालाही चुरगळलेला सदरा घालून निघाला होता.

"हे काय नवीन?"

"मॅडम म्हणाल्या, निळा छान दिसतो."

झालं. क्लास बंद पडलाच पाहिजे, आणि तोही पटकन. काकूंनी हिशोब मांडला. वहीतली पानं सगळी बरोबर आली, की बाई म्हणणार, काका, तुम्ही बरे झालात, या आता. मग मंगळवारपासून काका दुपारी आडवे झाले की काकू वही काढायच्या आणि त्या दिवसाचं पान उरकून टाकायच्या. उठल्यावर काका वही उघडायचे, "झालं वाटतं माझं," म्हणायचे आणि चहा मागायचे. विसराळूपणाचा असाही उपयोग असतो, हे काकूंना प्रथमच कळत होतं.

फक्त एका वेळी एकच काम हा मॅडमचा नियम काकूंनी स्वतःला लावून घेतला नव्हता. समोर सीरियल, आत कुकर, कानाला चेंबूरची नणंद.

शुक्रवारी त्या जातीने क्लासला गेल्या. निरोप समारंभ डोळ्यांनी बघायचा होता.

मृणालिनी पानं उलटत गेली तसा तिचा चेहरा उतरत गेला. "काका, तीन दिवसांत इतका फरक? सोळा 'म' सुटलेत. नऊ 'भ' खोडलेत. काकू, आपण डॉक्टरांना परत दाखवू या. मेंदूचा स्कॅन सांगतील बहुतेक. आणि तोवर क्लास रोज ठेवू."

"रोज?" काकू किंचाळल्याच.

काका मान खाली घालून स्वतःच्या तळव्यांकडे बघत बसले. ती वाकलेली मान काकूंना बघवेना. या बाईपुढे नाक कापलं जाणार होतं. पण नाक वाचवून काय करायचं?

"ते 'म' मी खोडलेत," त्या म्हणाल्या.

"तुम्ही? कशासाठी?"

"लवकर संपावं म्हणून."

"काय संपावं, काकू?"

"क्लास! रोजरोज इस्त्र्या कोण करणार?"

मृणालिनीने ओठ घट्ट मिटले. तेवढ्यात काका म्हणाले, "मला ठाऊक होतं."

दोघींनी एकदम माना वळवल्या.

"मी तिरकी रेघ मारतो. ही फुली आहे. दूध आलं नाही की ही कॅलेंडरवर अशीच फुली मारते, एक पाय लांब सोडलेली. बेचाळीस वर्षं बघतोय."

"बघताय? तुम्ही?" काकूंचा आवाज एकदम बारीक झाला. "मग बोलला का नाहीत?"

"जीभ बाहेर काढून इतकी मन लावून बसायचीस... मला कुठे झोप लागत होती? आणि आत्ता म्हटलं, बघू तरी, कबूल होतेस का."

काकांची मान मघाशी हसू दाबायला वाकली होती, हे काकूंना आत्ता कुठे उमगलं. रागवायचं त्या पार विसरल्या.

"मग डॉक्टरांचं राहू दे," मृणालिनी म्हणाली. "काकांचं चांगलं चाललंय. पण काकू, नऊ 'भ'?"

"कुकर होता हो."

"तरी एकदा तपासून बघू. माझ्या बॅचला जागा नाहीये, तुम्हाला देवव्रत सर घेतील. फार गोड शिकवतात."

काका ताठ झाले. "सर? वय काय त्यांचं?"

"काकू, तुमची जन्मतारीख सांगा," फॉर्म पुढे ओढत मृणालिनी म्हणाली.

"अहो, वय काय म्हणतोय मी."

"पत्ता तोच ना, काकू? फोन नंबर?"

"लग्न झालंय का त्यांचं? आणि वय राहिलंच!"

मृणालिनीने काकांची वही ओढली आणि शेवटच्या पानावर लिहिलं, 'दोनदा विषय बदलूनही मूळ मुद्दा सुटला नाही. एकाग्रता उत्तम.'